बिल्ला नसलेला सापळा

ऑर्डेल सकाळपासून मार्टेनचं, म्हणजे मुंगसासारख्या मऊ केसांच्या जनावराचं, कातडं फळीवर ताणत बसली होती. चुलीवर चहा उकळत होता, तव्यातल्या बॅनकला, आमच्या जाड रोटीला, खालून रंग चढला होता, आणि तिची सासू साराझीन खिडकीशी बसून सुनेच्या हातांकडे बघत होती. मार्टेनचं कातडं उलटं करून, केस आत ठेवून फळीवर चढवावं लागतं. शेपटीपाशी घाई केली की ते फाटतं. ऑर्डेलचं कधी फाटत नसे. नवरा नॉर्बर्ट जिवंत होता तेव्हाही विक्रीला जाणारं प्रत्येक कातडं तिच्याच हातून जाई, आणि व्यापारी पाठ थोपटे ती नॉर्बर्टची. तो हिवाळ्याच्या तोंडावर तळ्यावरचा कोवळा बर्फ फुटून बुडाला.

आमच्या वापूस तळ्याच्या गावात कुणाचं शेत नाही. प्रत्येक घराची जंगलातून जाणारी एक सापळेवाट असते. तिच्यावर दुसऱ्या घरानं सापळा लावायचा नाही, आणि दुसऱ्याच्या सापळ्याला हात तर मुळीच लावायचा नाही. चोराला एक वेळ आम्ही माफ करू, पण परक्या सापळ्याला हात लावणाऱ्याला गावात कुणी चहाला बोलावत नाही. इथवर ठीक आहे. पण ह्याच्याच पोटात एक सडकी रीत बसली आहे. पुरुष मेला की वाट त्याच्या भावाची होते. बाईनं घराजवळ सशांचे फास लावावेत आणि दिरानं आणलेली जनावरं सोलून द्यावीत, बस्स.

सरकारी नियमांत ही रीत कुठंही लिहिलेली नाही. तिथं वेगळंच लिहिलंय. सापळ्यावर धन्याचा बिल्ला हवा. लावलेला सापळा ठरल्या मुदतीत जाऊन बघितलाच पाहिजे. माणसांच्या पायवाटेवर सापळा लावायचा नाही. एवढं साधं आमच्या पुरुषांच्या लक्षात राहत नाही. रीत मात्र त्यांना झोपेतही पाठ असते.

"उद्या तू खरंच वाटांच्या सभेला जाणारेस?" साराझीननं विचारलं.

"जाणार. ज्याला वाट हवी त्यानं स्वतः समोर बसून मागायची, असं प्रमुख हेक्टरनं सांगितलंय. नाही गेले तर भावजींच्या नावावर करून मोकळे होतील."

"मग होऊ देत की! वाट रक्ताची असते. उद्या तू दुसरं लग्न केलंस तर माझ्या नवऱ्याची वाट परक्याच्या घरात जायची का?"

"लग्न? बीव्हरच्या चरबीचा वास मारणाऱ्या ह्या हातांशी कोण लग्न करतंय, सासूबाई?"

म्हातारीला हसू आलं, पण तिनं ते कपाच्या आड लपवलं. "माझा नवरा गेला तेव्हा मीही वाट दिराला दिली होती, त्याच्याकडून ती पुढं नॉर्बर्टला आली. मी कुठं मेले?"

"मेला नाहीत. पण शहरात जाऊन लोकांच्या खानावळीत भांडी घासलीत ना? मला तेच करायचं नाहीये."

साराझीन उठून चुलीशी गेली. तिनं बॅनक उलटला.

तेवढ्यात बाहेर बर्फगाडी घरघरली. धाकटा दीर एल्झियर आत आला. तो खाणीत नोकरी करतो, शहरात राहतो आणि सवड मिळेल तेव्हा भावाच्या वाटेवर सापळे लावून परत जातो. त्यानं खांद्यावरचं पोतं ऑर्डेलच्या पायाशी टाकलं.

"घे वहिनी. उद्यापर्यंत सोलून ठेव."

पोत्यात कोल्हा होता, लाकडासारखा ताठ. ऑर्डेलनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुठीत केस आले.

"भावजी, ह्याला उंदरांनी कुरतडलंय. किती दिवस पडला होता सापळ्यात?"

"थंडीत काय सडतंय?"

"सडत नाही हो, पण आधी जिवंत होता ना तो? पाय बघा. स्वतःचाच चावून ठेवलाय."

"अरे वा! आता वहिनी मला नियम शिकवणार. आई, ऐकतेस ना? तुझ्या सुनेला साहेबीण व्हायचंय!"

"साहेबीण नको मला. सापळा लावला तर बघायला जावं, एवढंच म्हणतेय."

"उद्या सभेत म्हण काय ते. चहा करणारीशिवाय आजवर तिथं बाई बसलेली नाही," असं म्हणून त्यानं गरम बॅनकचा अर्धा तुकडा तोंडात कोंबला आणि तो निघून गेला.

ती चहा करणारी म्हणजे मी. म्हणून सभेतलं मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, आणि बाकीचं दोघी सासू-सुनांनी मला सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी साराझीन उजाडताच सशांचे फास बघायला गेली. सभेची वेळ झाली तरी ती परतली नव्हती. ऑर्डेल डोक्याला चांगला रुमाल बांधून सभागृहाच्या दारात आली खरी, पण तिचं लक्ष सगळं रस्त्याकडे.

"भावजी, सासूबाई इकडे आल्यात का?"

"शेजारच्या क्लोटिल्डकडे गप्पा हाणत बसली असेल. ये, बस ना. का भ्यालीस?" एल्झियर हसला, आणि त्याच्याबरोबर बाकडंभर पुरुष हसले.

"क्लोटिल्डकडे बघून आलेय मी. नाहीत तिथं."

सभेचा प्रमुख हेक्टर म्हणाला, "ऑर्डेल, मी सुरू करतोय. आत यायचं तर ये. मागाहून कुरकुर चालणार नाही."

मी तिच्या कानाशी लागले. "तू बस गं. मी जाते बघायला."

"तुला त्यांच्या फासांच्या जागा ठाऊक नाहीत," ती म्हणाली. वाट मागणाऱ्यासाठी हेक्टरसमोर ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे तिनं एकदा पाहिलं. सगळा संसार त्या खुर्चीवर टांगलेला होता, आणि तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. मग ती वळली, दाराशी टेकवलेली, बर्फावरून ओझी ओढायची लाकडी घसरण घेतली आणि धावत सुटली. आत कुणीतरी म्हणालं, "चला, सुंठेवाचून खोकला गेला." मला त्याच्या अंगावर किटली ओतावीशी वाटली.

म्हातारीच्या पावलांचे ठसे सशांच्या फासांपाशी थांबले नव्हते. पाणी आणायच्या पायवाटेनं ते पुढे गेले होते. वळणावर ऑर्डेलला आधी लाल शाल दिसली. साराझीन बर्फात बसली होती. तिचा उजवा पाय घोट्याशी लांडग्याच्या सापळ्यात अडकला होता आणि सापळ्याची साखळी झाडाला बांधलेली होती. दोन्ही बाजूंच्या कमानी एकदम दाबल्याशिवाय तो जबडा उघडत नाही, आणि दाबायला दोन्ही पाय मोकळे लागतात. एकाच पायावर म्हातारीनं सकाळपासून किती धडपड केली असेल, ते उकरलेल्या बर्फावरून कळत होतं.

ऑर्डेल गुडघ्यांवर बसली आणि कमानींवर हात ठेवला. तोच म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस."

"काय?"

"एल्झियरचा आहे हा. तू उघडलास तर सगळे म्हणतील, ऑर्डेल दुसऱ्याचे सापळे उघडते. मग तुला कुणी वाट देणार नाही. जा, त्यालाच बोलावून आण."

"सासूबाई, वेड लागलंय का तुम्हाला? पाय तुमचा आहे! तुमचा!" ऑर्डेल रडायलाच लागली. रडता रडता तिनं म्हातारीला झाडाला टेकवलं, दोन्ही कमानींवर उभी राहिली आणि सगळं वजन टाकलं. जबडा उघडला.

कातडी बुटामुळे हाड वाचलं होतं, पण बूट काढून बघितलं तर बोटं गोठून मेणासारखी पांढरी पडली होती. ऑर्डेलनं तो पाय स्वतःच्या कोटाच्या आत, पोटाशी धरला.

"घरी ने मला," म्हातारी पुटपुटली. "विचारलं तर सांगू, घसरले म्हणून. घरातलं घरात."

ऑर्डेलनं तिला घसरणीवर शालीत गुंडाळलं आणि साखळी सोडून सापळाही वर टाकला. त्यावर बिल्ला नव्हता. ती दोर ओढायला लागणार, तेवढ्यात म्हातारीनं मान वळवून पलीकडच्या झुडपाकडे बोट दाखवलं. तिथं दुसऱ्या सापळ्यात एक लिंक्स, म्हणजे मोठी रानमांजर, गोठून पडली होती. तिच्याभोवतीच्या झाडांची साल नखांनी सोललेली होती आणि तिच्या अंगावर बर्फाचे थर साचले होते.

"सकाळपासून मी हिच्याकडे बघत होते," साराझीन म्हणाली. "मला वाटत होतं, माझा मुलगा आज तरी सापळे बघायला येईल. हिलाही वाटलं असेल, कुणीतरी येईल." तिनं शाल घट्ट ओढून घेतली. मग म्हणाली, "घरी नको. सभेत ने."

"आधी पाय—"

"सभेत ने म्हणतेय ना!"

दार उघडलं तेव्हा हेक्टर वाटेचा निकाल सांगायलाच उभा राहिला होता. ऑर्डेल घसरण आत ओढत आली. तिच्या हातात सापळा होता. मी कप टाकून म्हातारीकडे धावले.

एल्झियर ताडकन उठला, आणि त्याच्या तोंडून पहिले शब्द आईबद्दल निघाले नाहीत. "बघा! बघा, माझ्या सापळ्याला हात लावला हिनं!"

हेक्टरनं पुढे होऊन सापळा ऑर्डेलच्या हातून घेतला.

"तुझा सापळा?" हेक्टरनं तो उलटापालटा करून पाहिला. "ह्यावर बिल्ला कुठंय? आणि कुठं होता हा?"

"पाण्याच्या पायवाटेवर," ऑर्डेल म्हणाली. "सासूबाईंच्या पायात."

एल्झियरच्या तोंडचं पाणी पळालं. तो आईपुढे बसला. "आई, तू घसरलीस ना? सांग ना त्यांना. मी तुझा मुलगा आहे, आई."

आमच्या गावात हे वाक्य आजवर कधी वाया गेलं नव्हतं. हेक्टरनंसुद्धा नजर खाली केली, कारण म्हातारी घसरले म्हणाली असती तर सगळे सुखानं घरी गेले असते.

साराझीननं मुलाच्या गालावर हात ठेवला. "माझा मुलगा आहेस म्हणूनच सांगते. मी घसरले नाही. सकाळपासून तुझ्या सापळ्यात बसले होते आणि तू इथं चहा पीत होतास. हिला मी कालपर्यंत परकी म्हणत होते. ही खुर्ची सोडून मला शोधत आली." मग ती हेक्टरकडे वळली. "वाट हिला द्या. जी बघायला येते तिला द्या. नाही दिलीत, तर जंगलखात्याच्या माणसाला हा पाय मी स्वतः दाखवीन, आणि त्यानं विचारलं तर आणखी कुणाकुणाचे सापळे बिल्ल्यावाचून आहेत तेही सांगेन."

बरेच पुरुष एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागले. हेक्टर घसा खाकरून म्हणाला, "वाट ऑर्डेलची." टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. दोघे तर दार आपटून गेले.

साराझीनच्या त्या पायाची दोन बोटं गेली. एल्झियरनं तोंड दाखवणं सोडलं, आणि म्हातारी त्याच्यासाठी रडते, हेही मी लपवणार नाही. ऑर्डेल वाटेवर जाते आणि लावलेला प्रत्येक सापळा बघून येते. पण वाचकहो, एका घरात न्याय झाला म्हणून आम्ही सुधारलो, असं समजू नका. गावात अजून विधवा आहेत, दिरांसाठी कातडी सोलत बसलेल्या. तुमच्याकडे कातडी नसतील, दुसरं काही असेल. सोलणाऱ्या तुमच्याकडेही आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ह्या हिवाळ्यात सभेच्या आदल्या दिवशी साराझीन काठी टेकत क्लोटिल्डच्या घरी गेली. मी बरोबर होते. क्लोटिल्ड दिरानं आणलेला बीव्हर सोलत होती.

"उद्या सभेला चल," साराझीन म्हणाली. "तुझ्या नवऱ्याची वाट मागायची आहे."

"अगं बाई! दीर काय म्हणतील?" क्लोटिल्डनं सुरी खाली ठेवली. "आणि घरातलं घरातच राहिलेलं बरं नाही का, आजी?"

साराझीन बाकावर बसली, खाली वाकली आणि उजव्या पायातल्या बुटाची वादी सोडायला लागली.