लेखी मिळणार नाही

मित्रदेशाच्या संरक्षण खात्याचं पाकीट दिल्लीमार्गे आपल्या संरक्षण खात्याच्या बेलापूरच्या कचेरीत आलं, तेव्हा गीतांजलीला त्याचं काही अप्रूप वाटलं नाही. गोपनीय विभागात उमेदीची वर्षं गेलेली. पाकीट फोडायचं, वाचायचं, कपाटात कुलूपबंद करायचं.

हे मात्र तिने दोनदा वाचलं. दोन्ही देशांनी एकाच कारखान्यातून घेतलेल्या तोफगोळ्यांची एक खेप सदोष होती. गोळ्याच्या टोकाचा, स्फोट घडवणारा फ्यूज खोलताना हातातच फुटत होता. तिकडे माणसं दगावली होती. वर शिक्का : आमच्या संमतीशिवाय अन्य कोणत्याही खात्यास दाखवू नये.

तीच खेप उरणकडच्या दारूगोळ्याच्या एका भांडारात पडून होती, आणि तिचा नवरा कुंदन तिथेच फिटर होता.

ती तिच्या साहेबांकडे, रावसाहेबांकडे गेली. त्यांनी कागद वाचून डोळे चोळले.

"दिल्लीला लिहा. दिल्ली त्यांची संमती मागेल."

"आणि तोवर, सर?"

"तोवर आपल्याला काही ठाऊक नाही. आज शिक्का मोडला, तर उद्या ते असले इशारे देणारच नाहीत."

"माझा नवरा आहे तिथे."

"मग तर तुम्ही अजिबातच बोलू नका." त्यांचा आवाजही दमलेलाच होता.

संध्याकाळी कामोठ्याच्या घरी जेवताना कुंदन म्हणाला, "उद्यापास्नं त्या पडून असलेल्या खेपेचे फ्यूज खोलायचे हायत. जाम काम हाय."

"रजा टाक ना उद्या."

"का गं? बरं नाय वाटत तुला?"

"असंच."

"मी नाय गेलो तर प्रितेशला बसवतील. त्याचा हात अजून बसला नाय."

प्रितेश म्हणजे खालच्या मजल्यावरच्या धोंडूबाईंचा जावई. तिने ताट बाजूला सारलं. एकाला घरी ठेवायचं म्हणजे दुसऱ्याला पुढे करायचं.

सकाळी कुंदन निघताच तिने भांडारप्रमुख चांगदेव ठाकुरांना फोन लावला.

"सर, गोपनीय विभागातून गीतांजली म्हात्रे बोलतेय. आजपासूनचं फ्यूज खोलायचं काम थांबवा."

"कारण?"

"सांगता येणार नाही."

"मग लेखी पाठवा."

"लेखी मिळणार नाही, सर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. मालाची मोजणी काढतो. बघू किती रेटता येतं ते."

कचेरीत गेल्यावर तिने आपणहून रावसाहेबांना सांगितलं.

"मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं," ते म्हणाले.

"म्हणूनच विचारलं नाही."

त्या संध्याकाळी कुंदन करवादतच घरात शिरला. "कुठल्या येड्याने काम बंद पाडलं कोन जाने. दिवसभर पेट्या हलवून कंबर गेली माझी." तिने मुकाट्याने बाम आणून त्याची कंबर चोळून दिली.

मोजणी संपल्यावर चांगदेवांनी छताची डागडुजी काढली. संमती यायला गणपती उलटून गेले. खेप बाजूला निघाली. कामगारांना एवढंच कळलं, की माल परत जाणार आहे.

मग संमतीआधीच काम कसं थांबलं, याची चौकशी झाली. गीतांजलीने फोन कबूल केला, तिला स्टेशनरी विभागात हलवलं.

"काय केलंस तू?" कुंदनने विचारलं.

"एक फोन केला."

"कोनाला?"

ती अंथरूण घालू लागली. परत गेलेला माल त्याला आठवला असावा; त्याने पुन्हा विचारलं नाही. तो रविवार होता. ती पंख्याखाली आडवी झाली आणि भरदुपारी गाढ झोपून गेली.