चरापुरती जमीन

नबवियानं चपला बांधावर काढल्या, झग्याचं टोक कमरेला खोचलं आणि मितवल्ली हाजींच्या रानात फावडं मारलं.

"घ्यायच्या आधीच खणतेस का बाई?" हाजी हसले. "वरून बघ की. दिसतंय कुठं मीठ?"

"कसं दिसेल? परवा पाणी सोडलंत, ते खाली बसलं. चार दिवस ऊन पडू दे, वर येऊन सलाम ठोकेल."

हाजींनी नजर फिरवली. गिऱ्हाईक येणार म्हटलं की खारवट रान भिजवून ठेवायचं, ही बुरुल्लुस तळ्याच्या काठची जुनी चलाखी. पण बाईही याच चिखलात वाढलेली.

खड्डा गुडघाभर झाला तसं तळाशी पाणी झिरपू लागलं. तिनं बोट बुडवून चाटलं आणि थुंकली.

बांधावर बसलेला धाकटा भाऊ बयूमी मनातून सुखावला. बाप वारल्यावर त्यानं रीतीप्रमाणे तिला 'रदवा' दिला होता. बहिणीनं वाट्याची जमीन मागू नये म्हणून तिच्या हातावर ठेवायची ती रक्कम. तिनं ती घ्यायची, भावाला दुवा द्यायची आणि गप्प बसायचं. त्या पैशांतून शिवणयंत्र घे, हजला जा, काहीही कर; जमीन बायकांच्या नावावर शोभत नाही, असं त्याचं सरळ मत होतं.

"चल ताई, घरी," तो म्हणाला. "या पाण्याला वाट कुठाय? नाला पलीकडं, मधे माझं शेत. आणि माझ्या शेतातून चर काढू देणार नाही, आत्ताच सांगतो."

"म्हणून तर हा तुकडा कुणी घेत नाही. हाजी, भाव निम्मा करा."

हाजींनी कपाळावर हात मारला, पोराबाळांची शपथ घातली. खड्ड्यातलं पाणी मात्र वर चढत होतं.

"बरं. निम्मा."

नबवियानं हातातल्या बांगड्या उतरवून त्यांच्या ओंजळीत ठेवल्या. आईच्या बांगड्या. तिला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. मग झग्याच्या गळ्यातून एक पुरचुंडी काढून बयूमीच्या मांडीवर टाकली.

"हे काय?"

"तुझा रदवा. गाठसुद्धा सोडलेली नाही. आता माझा वाटा दे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"सगळा नको. इथून नाल्यापर्यंत, चराच्या रुंदीचा दे. बाकीचा तुला सोडला."

बयूमीनं हाजींकडे पाहिलं. हाजी बांगड्या रुमालात बांधत होते. सौदा फिसकटला तर त्या परत जाणार होत्या.

"लेकीचा वाटा अल्लानंच सांगितलाय, बेटा," ते गंभीरपणे म्हणाले. "मी साक्षीला आहे."

नबविया फावडं घेऊन बांध ओलांडून भावाच्या बरसीम चाऱ्याच्या हिरव्यागार पिकात उतरली.

"कुठून सुरू करू? तू दाखवतोस, की मीच ठरवू?"

बयूमी उठला, तिच्या वाटेत चरत असलेल्या म्हशीचं दावं सोडलं आणि तिला बाजूला नेऊन बांधलं.