एकोणचाळीस गाड्यांचा आमेन

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. जुना म्हणजे झिजलेला नव्हे. मोटारसायकलीवर मी जेमतेम दोन वर्षं काढली आणि त्यानंतरची सहा वर्षं या भिंतीवरच्या खिळ्याला लटकून घालवली. शेजारच्या खिळ्याला माझा जुळा भाऊ आहे. त्याच्या तोंडात कोळ्याने घर केलं आहे. त्याचीही तक्रार नाही, माझीही नाही. घडलं ते घडलं तसं सांगतो.

सायलेन्सरचं काम तुम्हाला ठाऊक असेल. इंजिनाचा धूर मागे नेऊन सोडायचा आणि जाता जाता त्याचा आवाज मऊ करायचा. आम्हा दोघांना मात्र मोठ्याने बोलण्यासाठीच घडवलं. पोलादी नळी वाकवली, सांधली, क्रोमच्या टाकीत बुडवून काढली. आत भोकाभोकांची एक बारीक नळी बसवली. तिला बॅफल म्हणतात. आमच्या गळ्यावर जो काही लगाम होता तो तेवढाच. मग आम्हाला खोक्यात निजवून अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका दुकानात पाठवलं.

आमचा धनी ल्यूशियस ट्रेडवे. तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला, चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस. त्याची गाडी लांब पल्ल्याची, जड, मागच्या सीटला पाठ टेकायला उशी असलेली. त्या सीटवर त्याची बायको अर्नेस्टीन बसे. शनिवारी दोघं कापसाच्या शेतांमधून नदीच्या बांधापर्यंत जात, आणि दर उन्हाळ्यात अलाबामात तिच्या बहिणीकडे.

त्यांच्या चर्चमध्ये गाण्याची एक जुनी रीत आहे. पाद्री ओळ भरभर म्हणून देतो. लोकांतलं कुणीतरी एक ती ओळ उचलतं, लांबवतं, आणि मग सगळी मंडळी तिच्यामागून जातात. सुरुवातीच्या मंडळींकडे गाण्यांची पुस्तकं नव्हती, तेव्हापासूनची ही रीत. अर्नेस्टीन एकवीस वर्षं ती ओळ उचलत होती. गाडीवरही तेच चाले. पुढून ल्यूशियस ओळ म्हणे, मागून ती उचले आणि मग तो तिला साथ करी. हे मला फार उशिरा कळलं. का, ते पुढे येईलच.

त्यांच्या मोटारसायकल मंडळातल्या डेलरॉय पिट्सला एका मोटारीने धडक दिली. लेन बदलताना मोटारीतल्या माणसाने त्याला पाहिलंच नव्हतं. डेलरॉय वाचला, पण पाय गेला. त्यानंतर मंडळात जो तो म्हणू लागला की पाइप मोठा वाजला तर जीव वाचतो. ल्यूशियसच्या गाडीला कारखान्यातून आलेला गरीब सायलेन्सर होता. अर्नेस्टीनचा धाकटा भाऊ थॅडियस त्याला सारखा टोचायचा.

“दाजी, तुम्ही आलात की मला वाटतं ताईने शिवणयंत्र काढलं.”

ल्यूशियस हसण्यावारी नेई. पण डेलरॉयला दवाखान्यात भेटून आला तेव्हा हसला नाही. मागच्या सीटवर आपली बायको असते, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने मला घेतलं ते मिरवण्यासाठी नाही, हे मला आधीच सांगून ठेवायला हवं.

तिघं मिळून दुकानात आले. दुकानदाराने अंगणात तीन गाड्या उभ्या केल्या होत्या, तिन्हींना निरनिराळे पाइप. पहिली सुरू केली. अर्नेस्टीन डोळे मिटून ऐकत राहिली.

“हा आपल्या चर्चमधल्या ब्रदर एमरीसारखा,” ती म्हणाली. “खालच्या सुरात असतो, कुणाला ढकलत नाही.”

“ब्रदर एमरी झोपलेला असतो, ताई.”

दुसऱ्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. तिसऱ्या गाडीवर मी होतो. दुकानदाराने मूठ पिळली आणि काचा थरथरल्या, दुकानातलं कुत्रं टेबलाखाली गेलं. थॅडियसने टाळी वाजवली. ल्यूशियसच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला मी तेव्हा आनंद समजलो. आता वाटतं, ते हायसं वाटणं होतं.

अर्नेस्टीन म्हणाली, “देखणा आहे. पण तुम्ही सगळे त्याच्या समोर उभे आहात. मी त्याच्या डोक्यावर बसणार आहे.”

ल्यूशियसने पैसे मोजले. मला गाडीवर चढवलं. जुना सायलेन्सर चर्चच्या जुन्या पडद्यात गुंडाळून फळीखाली सरकवला.

या माणसांची चूक इथे झाली, आणि त्यांच्यासारखी सगळीच माणसं ती करतात. पाइप उभ्या गाडीवर निवडतात, दोन मिनिटं ऐकून. उभ्या गाडीवर मी गोडच लागतो. पण लांबच्या रस्त्यावर गाडी तासन् तास एकाच वेगाने धावते, आणि त्या वेगाला माझ्या पोटातून एकच घूं निघतो. तो चढत नाही, उतरत नाही, थांबत नाही. कवटीत भुंगा कोंडल्यासारखा तो माणसाच्या डोक्यात राहतो. अलाबामाच्या पहिल्या फेरीत अर्नेस्टीनने तीनदा गाडी थांबवायला लावली. तिन्ही वेळा म्हणाली, पाय मोकळे करायचे आहेत.

वाटेतल्या गावांत माझी वाहवा झाली. पेट्रोल भरताना अनोळखी माणसं वाकून मला बघत. मीही फुगलो. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षीच्या पानगळीत एका चौकात समोरून आलेली मोटार डावीकडे वळली ती थेट आमच्या अंगावर. ल्यूशियसने ब्रेक दाबले. गाडी आडवी झाली नाही ती देवाची दया. मोटारीतून एक म्हातारी शिक्षिका उतरली. काचा बंद, आत गाणी चालू.

“मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही हो,” ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

मित्रांनो, तिचं खरं होतं. माझं तोंड मागच्या बाजूला आहे. मी ओरडत होतो ते जो रस्ता मागे पडला त्याच्यावर, आणि संकट पुढून आलं. हे तिथेच कुणाच्या ध्यानात आलं असतं तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण थॅडियस म्हणाला की आवाज कमी पडला. दोन स्क्रू काढायचे, बॅफल बाहेर ओढायचा, मग बघू कोणाला ऐकू येत नाही. ल्यूशियसने विचार केला. त्याला तो चौक दिसत होता आणि मागे बसलेली अर्नेस्टीन दिसत होती. त्याने स्क्रू काढले.

लगाम गेला. हिवाळाभर मी मोकळ्या गळ्याने गरजलो. अर्नेस्टीन घरात दूरचित्रवाणीचा आवाज वाढवू लागली. ल्यूशियसला वाटलं वयाने असेल. तिला कानात सतत काहीतरी वाजतंय असं वाटे, पण ती बोलली नाही. नवऱ्याने आपल्यासाठी घेतलेली वस्तू, तिला नावं कशी ठेवायची? शनिवारी ती येत राहिली. गाणं मात्र थांबलं. त्याला वाटलं थंडीमुळे.

मग एप्रिल आला. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मंडळाच्या सगळ्या गाड्या ओळीने चर्चला जातात. पाद्री अंगणात येऊन त्यांना आशीर्वाद देतो, वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतो, आणि शेवटी सगळे एकदम इंजिनं सुरू करतात. तो गाड्यांचा आमेन. त्या वर्षी चाळीस गाड्या होत्या. पंचवीस मैल आम्ही एकमेकांना चिकटून आलो.

रेव्हरंड गॅडसन पायऱ्यांवर उभे राहिले. त्यांचं प्रवचन साध्या बोलण्यातून सुरू होतं. बायबलातला नोहाचा पूर, कबुतराची फेरी, अंगणाजवळून जाणारी नदी. बोलता बोलता शब्दांना हेल येतो, हेलाचा सूर होतो, आणि कुठल्या वाक्यापासून ते गाऊ लागले हे कुणाला सांगता येत नाही. लोक मधेमधे ‘होय, होय’ म्हणत त्यांना उचलून धरतात. माझ्यासारखा पोलादाचा तुकडाही त्या दिवशी ऐकत राहिला. इंजिन बंद होतं म्हणून ऐकू शकलो.

प्रवचन वर चढून थांबलं. रेव्हरंडांनी ओळ दिली, “पाण्याच्या काठी उभा मी, हात दे देवा.”

अर्नेस्टीन गाडीपाशी उभी होती. ती काही म्हणाली नाही.

त्यांनी पुन्हा ओळ दिली. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, कपाळाला आठी घालून, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तशी. सगळं अंगण तिच्यासाठी थांबलेलं. मागच्या रांगेतल्या कुणाला वाटलं आशीर्वाद झाला. एक इंजिन खोकलं, कुणीतरी ते बंद करायला लावलं. थॅडियस कुजबुजला, “दाजी, सुरू करा गाडी, वेळ मारून नेऊ.”

ल्यूशियसचा हात किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

रेव्हरंड पायऱ्या उतरले. गर्दीतून तिच्याजवळ आले, कानाशी तोंड नेऊन तीच ओळ म्हणाले. तिने उचलली. फार वरच्या पट्टीत उचलली, नेहमीपेक्षा कितीतरी वर. जाड आवाजाच्या पुरुषांना तिथे जाताच येईना. पण एकानेही तिला खाली ओढलं नाही. फाटक्या गळ्यांनी, वाकड्या सुरांनी सगळे तिच्यामागून वर गेले. ब्रदर एमरीसुद्धा.

गाणं संपलं. रेव्हरंडांनी हात उंचावला आणि एकोणचाळीस गाड्यांनी आमेन म्हटला.

आमची गाडी गप्प होती.

तिसऱ्या दिवशी अर्नेस्टीनचे कान तपासले. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले ते परत येणार नाहीत. उरलेत ते सांभाळा. घरी आल्यावर ल्यूशियसने पाना घेतला. थॅडियसही आला, दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला.

“ताई, मी म्हणालो होतो ना, बॅफल काढा.”

“तू म्हणालास, त्याने काढलं, आणि मी गप्प बसले,” अर्नेस्टीन म्हणाली. “तिघांनी मिळून केलंय. आता पाना धर आणि त्याला मदत कर.”

मला उतरवलं. पडद्यात गुंडाळलेला जुना सायलेन्सर बाहेर निघाला, पुसला गेला, आपल्या जागी बसला. ल्यूशियसने मला विकलं नाही. म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या बायकोखाली कशाला द्यायचा. आणि हा खिळा ठोकला.

शनिवारी गाडी निघाली. गॅरेजचं दार उघडं होतं. तिच्या खाली हातभर अंतरावर दोन वर्षं राहूनही मी जे कधी ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं. ल्यूशियसने ओळ दिली. ती तिला नीट पोहोचत नाही, म्हणून त्याने डावा हात उंचावून कुठे उचलायचं ते दाखवलं, आणि मागून तिचा आवाज आला. कापसाच्या शेताच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

मित्रांनो, मोठ्याने बोलण्यात गुन्हा नाही. मला तर घडवलंच त्यासाठी. पण तुमच्या आवाजाखाली कुणाचं गाणं चाललंय, हे अधूनमधून गप्प होऊन ऐका. ज्याला जपायचं म्हणून आपण ओरडतो, तो बऱ्याचदा आपल्याला अगदी लागून बसलेला असतो. कान एकदा गेले की त्यांना नवे सुटे भाग मिळत नाहीत.

आज शनिवार आहे. दार उघडं आहे. त्याचा डावा हात आताच वर गेला.