हनुवटी खाली

तोंडाला तारा बांधल्या आहेत, म्हणून लिहिते आहे. सहा आठवडे बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मला ओळखणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल, येऊ दे.

मी आसावरी. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात आमचं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, दुकान आहे, आजोबांपासूनचं. बॉक्सिंगमधला राष्ट्रीय चॅम्पियन अवधूत माझा धाकटा भाऊ. आईवडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी वीस. त्याची ठोसे मारायची पहिली बॅग मी पोत्यात चिंध्या ठासून शिवली होती. त्याच्या मुठींना पट्ट्याही पहिल्या दिवसापासून मीच बांधत आले. पोत्यांची तोंडं बांधण्यात जिचा जन्म गेला, तिला मूठ बांधणं काय जड! कोच मोहनकुमार सुरुवातीला हसले, मग गप्प झाले. चौदा वर्षांत माझ्या पट्टीखाली अवधूतचं एकही हाड मोडलं नाही. माझ्याखेरीज कुणाला तो हातही लावू देत नसे, आणि मला त्याचा केवढा तोरा होता.

म्हणूनच सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. पट्टी नसताना जोरात मारलं की करंगळीच्या मागचं हाड सुजतं. दिवाळीनंतर तीनदा त्याचा उजवा हात तिथेच टम्म फुगला होता.

"दारावर आपटला, अक्का," तो म्हणायचा. इथल्या कानडी बोलीत मी त्याची अक्का, तो माझा धाकटा तम्मा.

मी बर्फ लावायची. दार एकदा आपटेल, दोनदा आपटेल. पण मी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आमच्या घराची रीतच आहे.

जानेवारीत एका दुपारी श्वेता दुकानात आली. श्वेता म्हणजे अवधूतची बायको. माहेर नागपूरचं, नोकरी इथल्याच एचएसआर लेआउटमध्ये, दोघांचा फ्लॅट सर्जापूर रोडला. तिने गॉगल काढला, तर डावा डोळा पूर्ण मिटलेला.

"ताई, तो लढतीसाठी वजन उतरवतो ना, तेव्हा जास्त होतं," ती म्हणाली. "पाणीसुद्धा पीत नाही, मग कशावरनंही चिडतो. मी ग्लास जरा जोरात ठेवला, बस. पोलिसांकडे गेले होते. त्यांनी मला चहा दिला, त्याला फोन लावला आणि त्याच्यासोबत फोटो मिळेल का विचारलं."

आता माझ्या हातून जे झालं, ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. दुसरी नणंद रडली असती, नाहीतर भावाच्या कानाखाली वाजवायला निघाली असती. मी शटर अर्धं ओढलं आणि तिला उभं कसं राहायचं ते शिकवलं.

"हनुवटी खाली. कोपरं आत. हात गालाशी घट्ट. डावा मारताना तो आधी खांदा टाकतो, खांद्यावर नजर ठेव."

तासभर शिकवलं. ती पोत्यांच्या थप्पीला टेकून हात वर धरून उभी, आणि मी तिला हळूहळू ठोसे मारतेय. लिहितानाही स्वतःची किळस येते. भावाचा हात धरायचा सोडून मी त्याच्या बायकोला मार कसा खायचा ते शिकवत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यात तोंड मी दाबलं होतं.

ती शहाणी, एकदाच शिकवलेलं लक्षात ठेवलं. किताबाच्या लढतीला पाच दिवस उरले असताना त्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं, तेव्हा तिने हात गालाशी धरले. चेहऱ्यावर ओरखडा नाही. कोपराखालच्या हाडाचे मात्र दोन तुकडे. हाडांच्या डॉक्टरांनी मला एक्स-रे दाखवला.

"पडून मोडलं तर असं मोडत नाही," ते म्हणाले. "मार अडवायला हात वर केला की असं मोडतं."

 श्वेता पलंगावर बसली होती, तिने मला जवळ बोलावलं.

"ताई, कंपनी मला बाहेर पाठवतेय. व्हिसाला सहा आठवडे लागतील. रविवारी मॅच झाली की तो दिवसभर घरीच. नागपूरला गेले होते, तर तिथे येऊन बाबांच्या अंगावर गेला. सहा आठवडे कुठे लपू मी?"

सहा आठवडे. मूठ मोडली तर बरी व्हायला तेवढेच लागतात. मी त्या क्षणी ठरवलं.

रविवारी दुपारी ड्रेसिंग रूममध्ये अवधूत माझ्यासमोर बसला. लढत दाखवणाऱ्यांचा कॅमेरा सुरू होता. प्रतिस्पर्धी गिरीराजचा एक माणूस शेजारी उभा राहून पट्टी बघत होता. आत कुणी काही लपवू नये म्हणून असं बघतात, आणि मग अधिकारी टेपवर सही करतो. जास्त घातलेलं त्यांना दिसतं. कमी घातलेलं कोण मोजतो? मी मुठीवर गॉजचे सहा थर घालते. डाव्या हातावर सहा घातले. उजव्यावर दोनच घातले आणि करंगळीमागचा टेप सोडून दिला.

त्याने मूठ मिटली, उघडली. "अक्का, स्वल्प सैल वाटतंय."

"सूज आहे तम्मा, घट्ट नको."

"सरी, बरं," तो म्हणाला. त्याने मला कधीच दुसऱ्यांदा विचारलं नाही, त्या दिवशीही नाही. माझे डोळे भरून आले.

तिसऱ्या फेरीत त्याचा उजवा गिरीराजच्या कपाळावर बसला आणि अवधूतचं तोंड पांढरंफटक पडलं. कोपऱ्यात आला तेव्हा त्याने उजवा हात पोटाशी धरला होता. मोहनकुमार लढत थांबवू म्हणाले, तर हा त्यांच्या पायांवर थुंकला. पुढे चार फेऱ्या तो एकट्या डाव्या हाताने लढला. गिरीराजची भुवई फाटली, नाक फुटलं, पंचांचा शर्ट रक्ताने भिजला. सातव्या फेरीत गिरीराज पडला तो उठलाच नाही. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मी मात्र हादरले. एका हाताने हा माणूस एवढं करत असेल, तर मी श्वेताला सहा आठवडे कसले मिळवून दिले?

ड्रेसिंग रूममध्ये कॅमेरा पुन्हा आमच्यावर. मी आधी उजवी पट्टी कापली. आत हात काळानिळा, वांग्यासारखा. अवधूतने हाताकडे पाहिलं नाही. त्याने कापलेला गॉज उचलला आणि थर मोजले.

"अक्का, बाकीचे कुठायत?"

"श्वेताचा हातही असाच मोडलाय," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

त्याचा डावा खांदा खाली गेला.

मला वेळ होता, हे मी शपथेवर सांगते. हात गालाशी नेता आले असते, हनुवटी छातीशी लावता आली असती. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. बंद दारामागे त्याने जे केलं ते कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून कुणी मानलंही नव्हतं. मी हात खाली सोडले आणि हनुवटी वर केली.

जबडा दोन ठिकाणी मोडला. त्याच्या डाव्या हाताला काहीच झालं नाही, ती पट्टी मी नीट बांधली होती.

आज तेच फोटो मागणारे पोलीस साहेब माझ्या पलंगाशी बसलेत. अवधूत कोठडीत आहे. मोहनकुमारांचं म्हणणं, धक्काबुक्कीत चुकून लागलं, मी तसा जबाब दिला तर पोरगं वाचेल. श्वेता प्लास्टरचा हात सांभाळत दाराशी उभी आहे. मी वाढवलेलं पोर आहे ते, त्याचा उजवा हात कुणी नीट बांधला असेल का, याच विचाराने रात्रभर डोळा लागला नाही.

तरी साहेब, माझा जबाब हाच, नोंदवून घ्या. उजव्या पट्टीत दोनच थर होते, ते मी मुद्दाम केलं. हनुवटी मुद्दाम वर केली. आणि त्याने मला मारलं तेही मुद्दामच, तिला मारतो तसंच.