एका दमात ओढलेली रेघ

ताईचं कामच मुळी संशय घेण्याचं. कपड्यांच्या कारखान्यात ती चेकर होती. शिवून आलेला सदरा उजेडाकडे धरायचा, काखेची शिवण ताणायची, बटण ओढून बघायचं, सुटा दोरा कात्रीनं उडवायचा. अठरा वर्षं दिवसाला चारशे सदरे तिच्या नजरेखालून गेले, पण त्यातल्या एकालाही तिनं आपण होऊन चांगलं म्हटलं नव्हतं. दोष सापडला नाही की तिला वाटायचं, आपलीच नजर चुकली.

हीच नजर घेऊन ती घरी यायची, आणि घरी होता धाकटा भाऊ.

"आ कर. जीभ उचल."

"उचलली."

"डावा गाल दाखव."

"गालाला काजं-बटणं नाहीत गं ताई," भाऊ सावकाश म्हणायचा. हल्ली तो सगळंच सावकाश म्हणायचा.

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळा बाजार त्याला पेंटरच म्हणे. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मनानं घेतलं, की आपण रंगवलेली अक्षरं पाठ फिरली की जागा सोडतात आणि आपल्याबद्दलच काहीबाही सांगत बसतात. एका पहाटे शिडी आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन तो निघाला, आणि अख्ख्या गल्लीतल्या एकोणीस पाट्या काळ्या करून टाकल्या. शिंपी, किराणा, दातांचा दवाखाना, कुणाला म्हणून सोडलं नाही. अडवायला धावलेल्या ताईला वरून म्हणाला, "तूही त्यांच्यातलीच!" ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्या तोंडचा तो शब्द. काळजात काटा मोडावा तसा रुतून बसला.

पाच आठवडे तो इस्पितळात होता. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "औषध मध्येच सुटलं तर आजार उसळतो. पुन्हा उसळला तर सावरायला आणखी जड जातं."

ताईनं त्या बोलण्याची मनाशी पक्की गाठ मारली. बाकीचं बोलणं ऐकलं न ऐकलं.

पहिल्या गोळीनं अक्षरं जागेवर आली, पण भाऊ चौदा-चौदा तास झोपायचा. अंग सुटलं, रक्तातली साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. ताईच्या कपाळाला आठी. लागू पडलेलं औषध कुणी बदलतं? दवाखान्याच्या बाकावर चकचकीत बॅग घेऊन बसणारा तो औषध कंपनीचा गोडबोल्या माणूस तिच्या नजरेत भरला होता. त्याला ती मनातल्या मनात बॅगवाला म्हणायची. हा आत जातो, हसतो, आणि आपली गोळी बदलते. काय समजायचं माणसानं?

दुसऱ्या गोळीला आता तीन महिने झाले होते. झोप कमी झाली, साखर उतरली, अक्षरं शहाण्यासारखी गप्प. फक्त भाऊ कामावर जाईना. खिडकीशी बसायचा, चेहरा कोऱ्या पाटीसारखा. चहाची कपबशी उचलली की वाजायची. ते ताईला ऐकू येत नव्हतं असं नाही. पण गेल्या दोन्ही वेळा ती एकटीच जाऊन चिठ्ठी घेऊन आली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी "हात थरथरतात का?" असं विचारलं तेव्हा चटकन म्हणाली होती, "छे, हात अगदी ठीक."

देवाला सगळं दिसतं, हे तिला माहीत होतं. तिनं त्याला सांगून टाकलं होतं, बाबा रे, हे एवढं माझ्या खाती लाव, पण गोळीला हात लावू देऊ नकोस.

आणि मग एका रविवारी गादी उन्हात टाकायला काढली, तर खाली कागदांची चळत.

जुन्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजू. प्रत्येकावर काळ्या रंगाची एकच आडवी रेघ. कोपऱ्यात तारीख. काही कागदांवर तारखेशेजारी लाल ठिपका. अक्षर एक नाही. आणि चळतीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डबीत सहा अर्ध्या गोळ्या.

ताईनं गोळ्या तळहातावर घेऊन पुन्हा मोजल्या. तोंड तपासलं, गाल तपासले. मूठ नाही तपासली! अर्धी गिळायचा, अर्धी मुठीत. आणि या रेघा? सुरू झालं. आता अक्षरंही उरली नाहीत, नुसत्या खुणाच. कुणाला पाठवतोय हा निरोप?

भावाला ती एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, रक्त तपासायचंय."

"कुणाचं?"

"तुझं. माझं कशाला?"

"मग ती पिशवी एवढी पोटाशी का धरलीयस?" भावानं विचारलं. त्याच्या डोळ्यांत क्षणभर ते जुनं काहीतरी चमकलं. ताईनं पिशवी आणखी घट्ट धरली. वाटेत दोघंही चोरट्यासारखी एकमेकांकडे बघत चालली.

दवाखान्यात बॅगवाला होताच. ताईनं त्याच्याकडे डोळे वटारून बघून घेतलं आणि भावाला पुढं घालून आत शिरली. पिशवीतले कागद टेबलावर ओतले, डबी आपटली.

"बघा! पुन्हा सुरू झालंय याचं. ही असली लिपी, आणि ही चोरी. भरती करायचं तर आत्ताच करा."

भाऊ कागदांकडे बघत राहिला. त्याचा अंगठा तर्जनीवर एकसारखा घासत होता, जणू विडी वळतोय.

डॉक्टरीणबाईंनी त्या अंगठ्याकडे बघितलं, मग ताईकडे, मग एक कागद उचलून त्यालाच विचारलं, "हे काय आहे, पेंटर?"

त्यानं रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हात बघतो."

"म्हणजे?"

"माझ्या उस्तादांची शिकवण. सकाळी पाटीला हात लावायच्या आधी एक रेघ ओढायची. खांद्यातून, एका दमात, मनगट न टेकता. ती सरळ आली तर काम घ्यायचं. नाही आली तर ब्रश धुवायचा आणि घरी जायचं. बावीस वर्षं ओढतोय. ताई कारखान्यात सातला जाते, मी साडेसातला ओढतो."

ताईनं आपटलेली डबी हळूच टेबलाच्या कडेला सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी कागद तारखेप्रमाणे लावले. टेबल पुरेना, तेव्हा जमिनीवर मांडले. दुसऱ्या गोळीचे पहिले दोन आठवडे रेघ तारेसारखी. तिसऱ्यात शेवटाला बारीक थरथर. मध्ये त्यांनी डोस वाढवला होता, त्याच्या दहाव्या दिवसापासून तर रेघ कसली, पाण्यावरची लहर. मग लाल ठिपक्यांचे सहा कागद, आणि रेघ हळूहळू निवळत गेलेली. त्यानंतर ठिपका नाही, आणि पुन्हा लहर.

"लाल म्हणजे अर्धी गोळी?"

"हो."

"मला न विचारता." आवाज चढला नाही, पण कडक होता. "हे फार धोक्याचं होतं. सहा दिवसांनी पुन्हा पूर्ण का घेतलीत?"

भावानं मान खाली घातली. "पाचव्या दिवशी कॅलेंडरवरचे आकडे हलले. सहाव्या दिवशी... ताईच्या चपला दाराकडे तोंड करून होत्या. वाटलं, मुद्दाम ठेवल्यात. मग मला माझंच भय वाटलं."

ताईनं भावाकडे बघितलं. म्हणजे हा स्वतःवर पहारा देत होता, आणि आपण याच्यावर!

"मग मला येऊन का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ताईला विचारता ना, कसा आहे म्हणून. ती सांगते, ठीक. आणि मी सांगितलं असतं हात हलतात, तर म्हणाला असतात भ्रम आहे. भरती करा." तो कसंनुसं हसला. "आत्ता ताई म्हणाली तसं."

 डॉक्टरीणबाई वही उलटत होत्या. "मागच्या दोन्ही वेळा मी इथं लिहिलंय, हात ठीक."

"मी खोटं बोलले," ताई म्हणाली. एकदम, शिवण उसवावी तसं. "कपबशी वाजायची, मला ऐकू यायचं. मला वाटलं, हात जाऊ दे, पण डोकं राहू दे. तुम्ही गोळी बदलाल, आणि हा पुन्हा शिडीवर चढेल. आणि तो बॅगवाला..."

"बॅगवाल्याच्या बॅगेतली गोळी मी यांना दिलेली नाही, देणारही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण चूक माझीही आहे. पेशंटला न बघता दोनदा चिठ्ठी दिली."

मग त्यांनी खुर्ची भावाकडे वळवली. "ऐका. असल्या गोळ्या माझ्याकडे डझनभर आहेत. अक्षरं जागेवर आणायला त्यातल्या बहुतेक साधारण सारख्याच. त्रास द्यायची तऱ्हा मात्र प्रत्येकीची निराळी. एक झोपवते, एक अंग वाढवते, एक हात थरथरवते. एक आहे, ती माणसाला एका जागी बसू देत नाही. बिनत्रासाची माझ्याकडे नाही. कुठला त्रास कुणाला सोसेल, ते पुस्तकात नसतं. तुम्ही सांगा."

आठ महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.  अंगठा घासतच होता.

"झोप सोसेन. येरझाऱ्याही घालीन. हात नको," तो म्हणाला. मग ताईकडे न बघता, "आणि ताई त्यांच्यातली वाटणंही नको. दोन्ही नको."

"मग तिसरी बघू. एकदम नाही, ही उतरवत, ती चढवत, चार आठवडे. या चार आठवड्यांत धोका आहे, तो मी लपवत नाही. दर सोमवारी तुम्ही स्वतः यायचं, कागद घेऊन. एक आकडा जरी हलला, तरी त्याच दिवशी फोन. आणि अर्धी-बिर्धी काही नाही."

"आणि पुन्हा गल्ली काळी झाली तर?" ताईनं विचारलंच.

"होणार नाही, असं मी म्हणत नाही. पण हात गेलेला पेंटर किती दिवस गोळी घेईल, असं वाटतं तुम्हाला?"

ताईला त्या डबीतल्या सहा अर्ध्या दिसल्या. अठरा वर्षं ती शिवणीच बघत आली होती. सदरा ज्याला घालायचा त्याला कुठं काचतो, हे विचारायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे; दुसरी वाट दिसेना म्हणून.

चिठ्ठी डॉक्टरीणबाईंनी भावाच्या हातात दिली.

खाली औषधांच्या दुकानात दुकानदारानं कागद वाचला आणि सवयीनं ताईकडे वळला, "बाई, ही सकाळी, आणि ही..."

"त्यांना सांगा," ताई म्हणाली. "गोळी त्यांची आहे."

आणि ती बाजूला झाली. दोन पावलं झाली. तिसरं काही टाकवेना. तिथंच उभी राहून ती टूथपेस्टचे खोके न्याहाळू लागली. मागं भाऊ सावकाश एकेक विचारत होता. जेवणाआधी की नंतर, विसरली तर दुप्पट घ्यायची का, येरझाऱ्या कितव्या दिवसापासून. मध्येच तो थांबला, आणि मान न वळवता म्हणाला, "ताई, तिथं ऐकू येतंय ना?"

ताई टूथपेस्टच्या खोक्याला म्हणाली, "सगळं."