वरूडची जुनी शाखा

‘थेंब’मध्ये नऊ शाखा, म्हणजे एकाच कोडच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, होत्या. सहांना दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता, दोन अमरावतीच्या प्रणाली नावाच्या मुलीच्या होत्या आणि उरलेली एक, १.४, अकोल्याच्या जेबाची.

‘थेंब’ म्हणजे बागेतली ओल मोजून ठिबकचं पाणी आपोआप सोडणारा फुकट प्रोग्राम. कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. सुरुवात जेबानं केली. मागून आलेल्या प्रणालीनं सगळं नव्यानं लिहून ३.० काढलं, आणि लोक ‘प्रणालीचं थेंब’ म्हणू लागले. ते ऐकलं की जेबाच्या पोटात दुखायचं.

२०१३च्या डिसेंबरात प्रणालीचा फोन आला. “जेबाताई, जुन्या शाखा बंद करून टाकू. सहा तर मेल्याच हायेत. तुमची तेवढी वरूडले चालू हाय. कावून सोडत नाहीत वो ते लोक?”

“सवय झाली त्याह्यले.”

“मग मीच जाऊन बदलून देते.”

खरं कारण जेबाला ठाऊक होतं. आंबिया बहारासाठी वरूडचे बागाईतदार हिवाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. मध्येच पाणी लागलं तर फुलाऐवजी पालवी फुटते आणि बहार हातचा जातो. १.४मध्ये ताणाच्या तारखा घालता येत. तेवढे दिवस पाणी बंद. चाळीस ओळींचा तो बदल जेबानं मुख्य शाखेत, म्हणजे प्रणालीच्या ३.०मध्ये, कधी पाठवलाच नव्हता. तो तिथं गेला की वरूडही प्रणालीचं होणार होतं.

आठवड्यानं वरूडचे खुशालराव फोनवर आले. त्यांची बाग ‘थेंब’वर चालणारी पहिली.

“पोरी, आली होती वो तुही प्रणाली. लय गुणाची! सकाळपासून सात बागा करून गेली. माह्या घरी दोनदा वाढून घेतलं तिनं. तू कधी आली काय?”

“काका, ताण चालू हाय ना?”

“चौथा आठवडा. पानं मलूल झाली. काहून?”

जेबानं घड्याळ पाहिलं. साडेतीन. ३.० रोज पाचला ओल तपासायचं आणि ती तीस टक्क्यांखाली असली की पाणी सोडायचं. गप्प बसलं तर पाचला सातही बागांचा ताण मोडणार होता आणि सारं वरूड प्रणालीच्या नावानं बोटं मोडणार होतं. तिला क्षणभर बरं वाटलं. पण बहार तर खुशालरावांचा जाणार होता.

तिनं प्रणालीला फोन लावला. ती मोर्शीजवळ एसटीत होती.

“तुह्या ३.०ले ताण समजत नाही. बदल पाठवला, लगेच जोड.”

“ताण? ताई, मी कापूसवाल्याच्या घरची, मले काय माहीत! हे तुमी आधी कावून नाही सांगितलं?”

“जळत होती म्हणून.”

“कोणावर?”

“तुह्यावर. वाच आता, टाइम नाही.”

प्रणालीनं मांडीवरच्या लॅपटॉपवर चाळीस ओळी वाचल्या, एक प्रश्न विचारला आणि बदल मुख्य शाखेत जोडला. नोंदीत आधी तिचं नाव आलं, खाली जेबाचं. तो क्रम जेबानं दोनदा पाहिला. पावणेपाचला सातही बागांतल्या ३.०नं नवा बदल आपोआप ओढून घेतला. जेबानं खुशालरावांकडून ताणाच्या तारखा घेतल्या, अकोल्यातूनच इंटरनेटवरून सातही ठिकाणी भरल्या. मग १.४ची शाखा स्वतःच बंद केली.

पाच वाजता सात बागांतली सरासरी ओल एकोणीस टक्के होती. सुटलेलं पाणी शून्य लिटर.