तंबूवाली बाई आणि मोठाबांधचा जावई

कामिनी गजभिये नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दिवसभर पोरांना ‘शांतता राखा’ सांगून सांगून तिला स्वतःलाच शांततेची अशी भूक लागली, की चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं एक तंबू विकत घेतला. घरचे आधी हसले, मग काळजीत पडले, मग त्यांनी दोन्ही सोडून दिलं. वर्षातून तीन-चारदा ती पाठीवर तंबू बांधून एकटी निघे आणि परत आल्यावर आठवडाभर कॉलेजात एकांताचं महत्त्व सांगे. एकांतावर ती इतकं बोले, की ऐकणाऱ्यालाच एकांत हवासा वाटू लागे.

या डिसेंबरात तिनं साकोली तालुक्यातला मोठाबांधचा तलाव निवडला. मोठाबांध हे तलावाचंही नाव आणि काठावरच्या गावाचंही. गाव म्हणजे ना धड खेडं, ना धड शहर. बसस्टँड, शाळा, बाजार सगळं होतं. पण कामिनीला माणसं नको होती. म्हणून ती एकोडीच्या पुढे एका फाट्यावर उतरली आणि चार किलोमीटरचा वळसा घालून तलावाच्या पलीकडच्या काठाला मोहाच्या झाडांखाली तिनं तंबू ठोकला. समोर पाणी, मागं जंगल. माणसाचा मागमूस नाही.

पहिल्याच संध्याकाळी दोन कुत्रे आले. एक तांबडा, एका कानाचा तुकडा उडालेला, अंगानं दणकट. दुसरी काळी कुत्री, लाजरी, चार हातांवर बसून नुसती बघणारी. कामिनीनं बिस्किटं टाकली. दोघांनी ती इतक्या शालीनपणे खाल्ली, की तिचं मन भरून आलं. तांबड्याचं नाव तिनं योद्धा ठेवलं आणि काळीचं काजळ. मग दोघांचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ज्यांनी कधी माणूस पाहिला नाही, त्यांनी आज मला आपलं मानलं.’

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करतानाच गॅसच्या छोट्या डब्यानं मान टाकली. फोनही शेवटच्या घटका मोजत होता आणि पॉवर बँक तर रात्रीच संपली होती. आता गावात गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिला स्वतःची काळजी नव्हती, होती ती कुत्र्यांची. जंगलातले जीव, गाड्या बघून बिथरले तर? म्हणून तिनं ओढणीचा पट्टा करून योद्ध्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला समजावलं, “घाबरायचं नाही हं. मी आहे.”

योद्ध्यानं ते ऐकून घेतलं.

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जाताना अर्ध्या वाटेपर्यंत कामिनी पुढं होती. मग योद्धा पुढं झाला. मग तो असा ओढू लागला, की ओढणीच्या दुसऱ्या टोकाला नेमकं कोण बांधलेलं आहे हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. काजळ तर केव्हाच पुढं निघून गेली होती. शाळेची घंटा कानावर पडताच तिनं पळत सुटून फाटकातून आत मुसंडी मारली. कामिनी घाबरून हाका मारत धावली. आतून पोरांचा एकच गलका उठला, “मास्तरीण आली! मास्तरीण आली!”

प्रार्थनेच्या रांगेपुढं, व्हरांड्याच्या पहिल्या पायरीवर, काजळ पुढचे पाय जुळवून बसली होती. पोरं हात जोडून उभी होती. कामिनीला आत जायचं धाडस झालं नाही.

योद्ध्यानं तिला थांबूही दिलं नाही. बसस्टँडवरच्या एका हॉटेलसमोर त्यानं तिला नेऊन उभं केलं. कढईपाशी आलूबोंडे तळत बसलेल्या माणसानं झारा खाली ठेवला.

“आरे जावई!” तो ओरडला. “कोठी होता बे दोन दिवस? कोनाघरी मुक्काम होता?”

योद्ध्याची शेपटी अशी हलली, की त्याचं अर्धं अंगही हललं. हॉटेलवाल्यानं, म्हणजे बाबूलालनं, एक आलूबोंडा फुंकर मारून थंड केला आणि त्याच्या तोंडात दिला.

“भाऊ, असं तिखट देऊ नका त्याला,” कामिनी कळवळून म्हणाली. “जंगलातला आहे तो. त्याला सवय नाही.”

बाबूलालनं तिच्याकडं पाहिलं, मग कुत्र्याकडं, मग गळ्यातल्या फुलाफुलांच्या ओढणीकडं.

“मॅडम, याचा जनम माह्या भट्टीमागं झाला,” तो म्हणाला. “कान तुटला तो बी याच कढईवर झडप टाकली तवा, पोळला अना पिकला. गावात एक घर नाही जेथी हा जेवला नाही. आयत्या पाटावर येऊन बसते, खाते अना झोपते. म्हनून जावई म्हनतो आमी त्याले. पन तुमी काहून बांधलं त्याले?”

कामिनीनं ओढणी सोडली आणि खांद्यावर घेतली. तिला आलूबोंड्याचा वास येत होता.

तिनं चहा मागितला आणि पॉवर बँक लावायला कुठं जागा आहे का विचारलं. बाबूलालनं फ्रिजची वायर काढून तिची लावली. “म्हंजे तुमीच ना त्या तंबूवाल्या बाई?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कळत नाही काय? बेबीबाई सकारी सकारी डोंगा घेऊन पान्यातून जाळं काढाले जाते ना तिकडं. काल तिनं सांगतलं, बाई नागपूरची दिसते, चाहा उतू घालवते अना बेडूकउड्या मारते.”

“योगासनं होती ती,” कामिनी म्हणाली.

“असतीन. गानं मात्र चांगलं म्हनता म्हने. फक्त वर गेलं का आवाज फाटते.”

चहा पिणारे दोघं-तिघं पेल्यात बघत राहिले. कामिनीला काल पहाटेचं आठवलं. कोणी नाही म्हणून तिनं तलावाकडं तोंड करून, हात पसरून, पोटभर गाऊन घेतलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती उठणार होती, पण पॉवर बँक नुकती लावली होती.

गॅसचा तसला डबा मोठाबांधात कोणी पाहिलाही नव्हता. “मंग जेवान कायचं कराल?” बाबूलालनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जावयाला सांगितलं, “जा, बाईले बेबीबाईकडं घेऊन जा.” आणि जावई खरोखरच निघाला.

बेबीबाई साठीची, बारीक, काटक बाई. मासळी विकून नुकती आली होती आणि हातपाय धूत होती. घरात माणसंच माणसं. दोन मुलगे, दोन सुना, पोरं, कुठल्याशा लग्नासाठी येऊन राहिलेली एक नणंद, आणि या सगळ्यांवर आवाज काढून चालणारा टीव्ही. जावई सरळ आत जाऊन चुलीजवळ पसरला. कामिनीच्या पुढ्यात भात आणि मासळीच्या रश्श्याचं ताट आलं. तिनं दोन दिवस शेवया उकडून खाल्ल्या होत्या. तिसऱ्यांदा भात घेताना तिनं ‘नको’ म्हटलं, पण ताट मागं घेतलं नाही.

“नवऱ्यानं हाकललं काय वो?” बेबीबाईनं समोर बसत सरळच विचारलं.

“नाही मावशी. नवरा चांगला आहे. मी सुट्टी घेऊन आले.”

“घर असून मोहाखाली झोपाले सुट्टी घेतली?”

“एकटं राहायला. कोणी हाक मारत नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. नुसतं पडून राहायचं.” कामिनी एरवी या विषयावर तासभर बोलली असती. पण टीव्हीचा आवाज, पोरांची भांडणं आणि नणंदेचं फोनवर चाललेलं लग्नाचं वर्णन यात तिला तेवढंच बोलता आलं.

बेबीबाईनं स्वतःचंही ताट वाढून घेतलं. ताटातला काटा बाजूला काढत म्हणाली, “मी तं जनमल्यापासून एकटी झोपलीच नाही. पहिले आजीजवळ झोपो. मंग बहिनीजवळ. मंग लगन झालं. ते गेले तं नातवंडं आले उशीशी. डोंग्यात एकटी असतो, पन डोंग्यात झोपता येत नाही ना बापा.” मग आवाज एकदम खाली आणून तिनं विचारलं, “आतून बंद होते काय तुह्या तंबूले?”

“होतो. चेन आहे.”

“चाल, दाखव मले.”

पाळीनं चालत जायला तासभर लागला असता, म्हणून बेबीबाईनं डोंगा, तिची छोटी होडी, बाहेर काढला. कोरलेल्या लाकडाचा तो अरुंद डोंगा कामिनीनं पाय ठेवताच असा डुलला, की तिनं दोन्ही हातांनी काठ धरले. नागपुरात ती ‘भीती मनात असते’ असं सांगत असे. इथं ती गुडघ्यांतही असते असं तिला आढळलं. जावई मात्र टुणकन उडी मारून पुढच्या टोकाला जाऊन बसला.

“पान्याकडं पाहू नोको, माह्याकडं पाह्य,” बेबीबाई वल्हं मारत म्हणाली. “अना गानं म्हन.”

“मावशी!”

“म्हन वो. कालचं अर्धंच राह्यलं, मले जाळं ओढाचं होतं.”

कामिनीनं गाणं म्हटलं नाही. पण हसताना तिचे हात काठावरून सुटले ते तिच्या लक्षात आलं नाही. पाण्यावर बदकांचा एक थवा उठला आणि पुढं जाऊन बसला. जावयानं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं पोट भरलेलं होतं.

बेबीबाईनं तंबूभोवती एक चक्कर मारली. दोरी ओढून पाहिली, कापड चिमटीत धरून पाहिलं. मग चपला बाहेर काढल्या, कमरेचा फोन काढून कामिनीच्या हातात दिला आणि वाकून आत गेली. चेन वरपासून खालपर्यंत सरकल्याचा आवाज आला.

“उशी नाही काय वो?” आतून आवाज आला.

“पिशवी आहे बघा, कपड्यांची.”

“असो. राहू दे.” थोड्या वेळानं पुन्हा, “कोनी आलं तं मी नाही.”

मग आतून काहीच ऐकू आलं नाही.

कामिनी बाहेर मोहाच्या मुळाशी बसली. तिची पुस्तकं आत होती, टोपी आत होती, पाण्याची बाटलीसुद्धा आत होती. दहा मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर ‘खुशबू’ आलं, धाकटी सून. कामिनीनं घाईनं उचलला.

“आई हायेत काय तिथी? पाहुनी विचारून राहिली, हळदीची साडी कोठी ठेवली?”

कामिनीनं तंबूकडं पाहिलं. आयुष्यभर तिनं एकांताची बाजू शब्दांनी मांडली होती. आज पहिल्यांदा तिच्यावर तो राखायची पाळी आली होती.

“मावशी ना… जाळं बघायला गेल्यात वाटतं,” ती म्हणाली.

“भर दुपारी जाळं?”

“नवीन जाळं आहे,” कामिनी म्हणाली आणि फोन ठेवला. ग्रंथपाल बाईला खोटं बोलायची सवय नव्हती.

त्यानंतर बाबूलाल आला, सायकलवरून, पाळीनं, तिची हॉटेलात विसरलेली पॉवर बँक घेऊन. तो लांबूनच “मॅडम!” म्हणून ओरडला, तशी कामिनी ओठांवर बोट ठेवून धावत सुटली. नेमका तोच हावभाव, ज्याला कॉलेजची पोरं वीस वर्षं हसत आली होती. बाबूलालनं तंबूबाहेरच्या चपला ओळखल्या. त्यानं पॉवर बँक दिली, सायकल वळवली आणि पॅडल न मारता, हातानं ढकलत, बऱ्याच दूरपर्यंत नेली.

ऊन कलू लागलं तशी काजळ, म्हणजे मास्तरीण, शाळा सुटल्यावर पाळीनं एकटीच चालत आली आणि कामिनीच्या पायाशी बसली. तिच्या तोंडाला खिचडी लागलेली होती. कामिनीनं ती ओढणीनं पुसली.

तंबूची चेन उघडली. बेबीबाई बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर कपड्यांच्या पिशवीचे वळ उमटले होते. तिनं कामिनीच्या हातातला फोन घेऊन कमरेला खोचला.

“कोनी आलतं?”

“खुशबूचा फोन आला होता. मी सांगितलं तुम्ही जाळ्यावर गेलात. नवीन जाळ्यावर.”

“नवीन जाळं!” बेबीबाई पोट धरून हसली. “आता नवीन जाळं आनाव लागन मले.” चपला पायात सरकवत तिनं विचारलं, “कवापर्यंत हायेस तू?”

“रविवारपर्यंत.”

“मंग उद्या बी येतो मी, जेवन झालं का. डबा आनतो तुह्यासाठी. तू दोन घंटे बजारात जाजो, बाबूलालपाशी बसजो. येथी बसशीन तं मले वाटते कोनीतरी हाये बाहेर.”

“तंबू माझा आहे मावशी,” कामिनी म्हणाली.

“हो ना, तं तुहाच आहे. मी कोठी नेऊन राहिली?”

कामिनीनं उद्या किती वाजता निघावं लागेल ते विचारून घेतलं. मग दोघींनी मिळून डोंगा पाण्यात ढकलला. जावई आधीच त्यात जाऊन बसला होता. गावात रात्रीचं जेवण कुणाकडं तरी ठरलेलं असावं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मास्तरीण मात्र काठावर कामिनीजवळ थांबली.